टिलीची दुपार

मेना आधी माणसाचे बूट बघायची, चेहरा नंतर.

इन्सब्रुकच्या जुन्या भागात, कमानींखालच्या हॉटेलात ती काउंटरवर असायची आणि मी आतल्या जेवणघरात वाढायला. भिंती इतक्या जाड की भरदिवसा दिवे लावून ठेवावे लागत. आमच्याकडे कुणी राहायला म्हणून येत नसे. म्युनिकहून व्हेनिसला निघालेली माणसं वाटेत एक रात्र टेकायची, सकाळी काउंटरवर कोपर ठेवायची आणि म्हणायची, "बाई, आमच्याकडे एकच दिवस आहे. काय काय बघून होईल?"

"बूट दाखवा," मेना म्हणायची.

माणसं हसायची. मग ती हसत नाही हे बघून खरंच पाय पुढे करायची. पातळ तळव्याचे बूट असले तर ती त्यांना दगडी गल्ल्यांतून जाऊ द्यायची नाही. टाचांवर चिखल असला तर म्हणायची, "तुम्ही चालणारे आहात, तुम्हाला माझी काय गरज?" ठिकाणं मात्र सगळ्यांना तीनच. आधी उंच, मग उघडं, शेवटी अंधारं. उंच म्हणजे रोपवेनं डोंगरावर. उघडं म्हणजे नदीवरचा पूल आणि सोन्याच्या छपरापुढचा चौक. अंधारं म्हणजे काळ्या माणसांचं चर्च.

"उलटं केलं तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं होतं.

"अंधार आधी दाखवला की माणूस दिवसभर त्यातच राहतो, फेर्डल. मग त्याला काय दाखवायचं ते दाखव."

त्या चर्चमध्ये मधोमध सम्राटाची संगमरवरी कबर आहे. तिच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच, काळ्या धातूचे पुरुष आणि बायका शोकाला उभ्या आहेत. कबर रिकामी आहे. सम्राटाला दूर, दुसऱ्याच गावी पुरलं. इथे तो आलाच नाही. ही मंडळी चारशे-साडेचारशे वर्षं ताटकळत उभी आहेत. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते चपापतात. आम्ही शाळेत असल्यापासून तिथे पावसाला आडोसा घेतलेला, आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.

मेना मूळची सेलराइनच्या दरीतली. बसनं तासाभराची वाट. सोळाव्या वर्षी शहरात कामाला आली ती इथेच राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "रोज सकाळी माणसांना निरोप द्यायचा, आणि संध्याकाळी घरी आणखी एक बसवून ठेवायचा? कशाला?" तिची थोरली बहीण टिली दरीतच दिली होती, रोमेड नावाच्या गुरंवाल्याला. त्या दरीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शहराचे कपडे धुवत आल्या. आमच्या हॉटेलच्या चादरीही टिलीकडेच जायच्या. गाठोडी बसच्या टपावरून वर जायची, चार दिवसांनी पांढरीशुभ्र होऊन खाली यायची. ज्या चादरींत झोपून जगभरची माणसं आमचं शहर बघून गेली त्या सगळ्या टिलीनं धुतल्या. स्वतः ती शहरात आली दोनदा, दोन्ही वेळा हॉस्पिटलात. "शहर बघितलं की मी," ती म्हणायची. "पांढरं असतं, आणि त्याला मधोमध पंखा असतो."

"एक दिवस ये," मेना दर वर्षी सांगायची. "मी नीट दाखवते."

पण मेनाचा हंगाम तेव्हा टिलीचं गवत कापायला आलेलं. मेना मोकळी तेव्हा टिलीची गाय विणार. नोव्हेंबरात दोघी मोकळ्या असत, तर नोव्हेंबरात टिलीची छाती कफानं भरून यायची. असं करत वर्षं गेली. त्या वर्षी सप्टेंबरात टिली वारली.

ऑक्टोबर संपता संपता मेना एका दुपारी जेवणघरात आली. टेबलं रिकामी होती. तिनं शहराचा नकाशा माझ्यासमोर पसरला.

"टिलीला दाखवायचंय," ती म्हणाली.

मी हातातली ताटं खाली ठेवली. "काय?"

"शहर. सर्व संतांच्या दिवशी. दुपारी बाराच्या घंटेनंतर ती सुटेलच की."

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, दुपारची घंटा झाली की शुद्धिस्थळाच्या आगीत पापं फेडत असलेले मेलेल्यांचे जीव सुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या घंटेला परत जातात. हे आम्हाला कुणी बसवून शिकवत नाही. त्या दिवशी दार आपटायचं नाही, कुणीतरी फटीत चिरडेल. सुरी धार वर करून ठेवायची नाही. रिकामा तवा चुलीवर तापत ठेवायचा नाही, कुणी दमून त्यात बसेल. निजायच्या आधी टेबलावर गार दूध आणि क्राप्फन, म्हणजे खसखस भरून तळलेले गोड वडे, ठेवायचे, दिव्यात तेलाऐवजी लोणी घालायचं. भाजलेल्या अंगाला ते लावतात. मी दिवसभर काट्या-चमच्यांत वावरणारा माणूस, कशावर फारसा विश्वास नसलेला. पण त्या दिवशी दार मीही हळूच लावतो.

"ती घरी जाणार, मेना," मी म्हटलं. "मेलेली माणसं घरी जातात."

"घर तिनं जन्मभर बघितलंय. त्यात आता नवीन काय बघायचं राहिलंय?"

"पण तिला कळणार कसं?"

"थडग्यापाशी जाऊन सांगून आले. हॉटेलच्या दाराशी ये म्हटलं."

"मग? काय म्हणाली?"

"तिनं कधी लगेच हो म्हटलंय?" मेना म्हणाली, आणि नकाशावर वाकून बोटानं रस्ते चाचपू लागली.

दोनच दिवसांत रोमेड आला. दंडावर काळी पट्टी, टोपी गुडघ्यावर, खुर्चीच्या कडेला बसलेला. मी बिअर ठेवली, तिला त्यानं हात लावला नाही. मेना काउंटर सोडून त्याच्यासमोर येऊन बसली.

"थडग्यापाशी काय बोललीस ते शेजारणीनं ऐकलंय," तो म्हणाला.

"तिला दुसरं काही काम नाही का?"

"मेना, ती घरी येणार. मी दूध ठेवणार आहे."

"ठेव की. मांजर पिईल."

रोमेड चिडला नाही. टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. "ती गेली तेव्हा मी वरच्या कुरणांतून गुरं उतरवत होतो," तो म्हणाला. "तुला ठाऊक आहे. पण कसं ते ठाऊक नाही. गाईंच्या कपाळावर फुलांचे मुकुट होते. गळ्यात त्या मोठ्या घंटा. खालून कुणीतरी हात हलवत ओरडत येत होतं, आणि घंटांत मला शब्द कळेना. मला वाटलं, कौतुक करतोय. मीही हात हलवला." टोपी बोटांतच थांबली. "सजवलेल्या गाई मी पार दारापर्यंत आणल्या. दारात मग सगळ्यांनी मिळून फुलं ओरबाडली. घरात कुणी गेलं की सजवत नाहीत ना. आणि आत ती. एकटी. मला एकदा तिच्याजवळ बसायचंय. तू तिला इकडे बोलावशील तर ती येईल, मला माहीत आहे. तुझं तिनं कधी मोडलं नाही. आणि पहिल्या खेपेला जीव जिथे जातो तिथेच पुढे जात राहतो."

बाहेर कमानीखालून कुणीतरी शीळ घालत गेलं.

"रात्र तुझी," ती शेवटी म्हणाली. "मला दुपार दे. बाराच्या घंटेपासून शेवटच्या बसपर्यंत. बसनं मी स्वतः तिला घरी आणून सोडते."

"आणि दमली तर?"

"माझ्याकडून कुणी दमून गेलेलं नाही." मग ती पुढे झुकली. "रोमेड, तिच्या पायात काय आहे?"

त्यानं वर बघितलं.

"पुरताना काय घातलंत पायात?"

"मोजे. लोकरीचे. तिनंच विणलेले."

"बूट?"

"आडव्या माणसाला बूट घालतात का, मेना?"

मेनानं त्याचा खरोखर विचार केला. "मग दगडी गल्ल्या नकोत," ती म्हणाली. "ट्रामनं नेते."

ट्रे हातात धरून मी ऐकत होतो. दोन शहाणी, कामाची माणसं एका मेलेल्या बाईला ट्रामनं न्यायचं की चालवत, हे ठरवत होती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ट्राममध्ये कुठल्या बाजूला बसलं तर डोंगर दिसतील याचा मी मनात हिशोब करतोय हे लक्षात आलं, तेव्हा मात्र ट्रे टेबलावर ठेवला. रोमेड उठला. दारात म्हणाला, "आण मात्र." बस इतकंच.

सर्व संतांच्या दिवशी फ्योन सुटला. डोंगरापलीकडून उतरणारा हा कोरडा गरम वारा आला की नोव्हेंबरात कोट उतरवावे लागतात, कपाळ ठणकतं, आणि डोंगर जागचे उठून शहराच्या अंगावर येतात. वरच्या कड्यावरची एकेक भेग मोजता येते. अशा दिवशी आमच्याकडे कुणी घर विकत नाही, मुलीला मागणी घालत नाही. मेना दारात उभी होती, डोक्याला तिची चांगली टोपी, उजवा हात कोपरात वाकवलेला, जसा आपण कुणाला धरायला देतो.

"तू मागून चाल," तिनं मला सांगितलं. "येणाराजाणारा तिला धक्का मारेल."

"तुला कळणार कसं, ती आली ते?"

"बहीण आहे माझी."

बारा वाजले. आधी मनोऱ्याची घंटा, मग एकामागून एक सगळ्या चर्चच्या. वारा आवाज ढकलत नदीपलीकडे नेत होता आणि परत आणत होता. शेवटची घंटा थांबली. मेनाचं कोपर किंचित खाली गेलं. ओझं आल्यासारखं.

"चल," ती म्हणाली. ते मला नव्हतं.

रोपवेच्या दाराशी जो माणूस असतो तो डोकी मोजून पाळण्यात सोडतो. आम्ही आत शिरलो. त्यानं ओठ हलवत मोजलं, भुवया चढवल्या, पुन्हा मोजलं, आणि मागच्या बाईला म्हणाला, "बस, भरला. तुम्ही पुढच्यात या." आत अजून एका माणसाला पुरेल एवढी जागा होती. मेनाच्या उजव्या अंगाला.

वरून शहर एवढं जवळ दिसत होतं की वाकून त्यातलं एखादं घर उचलावं. मेना बोलत होती, मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तो मनोरा. त्याच्यामागे आमचं हॉटेल, धूर निघतोय ना, तेच. आणि तिकडे बघ, डोंगराला ती घडी पडलीये ना, ती तुमची दरी. तिथं खाली तुझं घर. दिसलं?"

ती थांबली. वाट बघितली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तिकडे बघतच नाहीये. रोमेडवर रागावलेली दिसते."

खाली उतरून आम्ही ट्रामनं पुलावर आलो. नदी डोंगराची धूळ घेऊन येते, तिचं पाणी कधी स्वच्छ नसतं, पातळ राखाडी दुधासारखं. फ्योन दरीतून थेट पुलावर येत होता. मेनाच्या कोटाची डावी बाजू फडफडत होती. उजवी बाजू सरळ खाली लोंबत होती, हलत नव्हती. मी मागे उभा राहून ते बघत राहिलो. मग डोळे काढून घेतले.

"निघत नाहीये इथून," मेना म्हणाली. "कठड्याला चिकटून उभी आहे."

"पाणी बघत असेल."

"टिली? पाण्याचं नाव काढलं तरी शिव्या द्यायची. जन्म गेला तिचा पाण्यात." पण ती थांबली. कुणाला घाई करणं हा तिच्या कामातला गुन्हा होता. आम्ही इतका वेळ उभे राहिलो की पलीकडच्या काठावरची रंगीत घरं एकेक करून सावलीत गेली.

चौकात लोक शेवंतीचे हार घेऊन स्मशानाकडे चालले होते. सज्जावरचं सोन्याचं छप्पर अजून उन्हात होतं. मेनानं ते दाखवलं, कुणी बांधलं, का बांधलं सगळं सांगितलं, आणि आपल्या उजवीकडे बघितलं. "काही वाटत नाहीये तिला," ती म्हणाली. कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारा ओरडत होता. मी म्हटलं, घेऊ का? मेना म्हणाली, "भाजलेलं नको रे तिला." आणि आम्ही दोघंही हसलो, आणि लगेच थांबलो.

काळ्या माणसांच्या चर्चमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. बाहेरच्या उजेडातून आत गेलं की आधी फक्त थंडी कळते, मग ते दिसू लागतात. चिलखतं, झगे, पुढे केलेले हात. काही ठिकाणी लोकांनी हात लावून लावून काळा धातू पिवळा झालेला. मेना रांगांमधून चालत गेली आणि रिकाम्या कबरीपाशी थांबली. मी दारापाशीच राहिलो. त्या रांगेत आज कुणी जास्तीचं उभं आहे का ते मोजून बघावं असं वाटलं. मोजलं नाही.

ती येईना. उंच खिडक्यांतला उजेड करडा झाला, मग विझत आला. शेवटी मी जवळ गेलो.

"मेना, बस जाईल."

"कळतंय मला." तिचा आवाज खाली गेला होता. "फेर्डल, ती रडतेय. दंड हलतोय माझा. आणि..." तिनं आपला डावा हात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवला, तिथे कुणाचा हात असावा तसा. "तिचे हात मऊ झालेत. टिलीचे हात म्हणजे किसणी होती. लहानपणी माझे केस विंचरायची तर केस अडकायचे बोटांत."

"तिकडे काम नसेल," मी म्हटलं.

"हो," मेना म्हणाली. "मऊ पडत असतील." आणि त्या हाताला थोपटत ती चालू लागली.

बस आम्ही पळत पकडली. म्हणजे मी पळालो, मेना तिच्या चालीनं आली. आम्ही चढल्यावरही ड्रायव्हरनं दार जरा वेळ उघडंच ठेवलं. त्या संध्याकाळी सगळेच ड्रायव्हर तसं करतात, प्रत्येक थांब्याला, कुणी चढलं नाही तरी. मेनानं खिडकीकडची जागा सोडून बाहेरची घेतली. दरी सुरू झाली तसा अंधार पडला. गावागावांत स्मशानांतले लाल दिवे लागले होते, उतारावर पसरलेल्या निखाऱ्यांसारखे. मेना वाटभर खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात सांगत होती, आता अमक्याचं घर, आता गिरणी, आता वळण. आपल्या घरी परत चाललेल्या बाईला ती वाट समजावत होती. माझ्या ते लक्षात आलं, आणि मला वाटतं तिच्याही, कारण मध्येच ती गप्प झाली.

रोमेडच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा होता, लोण्याचा, पिवळा आणि जाड. टेबलावर दुधाचा वाडगा, क्राप्फनची ताटली. शेकोटीला लागून भिंतीपर्यंत गेलेल्या बाकावर रोमेड बसला होता. काळ्या पट्टीचा तोच कोट, पण चेहरा ओळखू येईना. धुतल्यासारखा. मी त्याला इतक्या वर्षांत असा कधी बघितला नव्हता.

"दार हळू," तो म्हणाला.

मेना उंबऱ्यात थांबली, उजवा हात अजून तसाच. "घे," ती म्हणाली. "उशीर झाला जरा. सांगितल्याप्रमाणे आणली."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? टिलीला."

रोमेडनं तिच्याकडे बघितलं, मग आपल्या शेजारी, बाकावर भिंतीकडच्या मोकळ्या जागेकडे. तिथली चौकड्यांची उशी मधोमध दबलेली होती.

"मेना," तो अगदी हळू म्हणाला, "ती बाराच्या घंटेपासून इथे आहे. मी अजून उठलो नाही. थडग्यावरसुद्धा गेलो नाही."

दिव्यात लोणी तडतडलं. माझ्या मागे दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर फ्योन पडला होता, अजिबात वारा नव्हता. मेनाचा चेहरा मला दिसत नव्हता. तिची पाठ दिसत होती, आणि तो वाकलेला हात. तिनं तो सोडला नाही.

शेकोटीपर्यंत चार पावलांचं अंतर होतं. तिथे तिची बहीण बसली होती. तिचं ते पंख्याचं शहर तिला पुरलं असेल, किंवा मेनाचं ऐकायचं तिनं यंदा पहिल्यांदाच टाळलं असेल. सकाळच्या घंटेपर्यंतच ती होती. मेनाला नुसतं जाऊन शेजारी बसायचं होतं. त्यासाठी हात मोकळा करावा लागणार होता.

"टिली," ती शेकोटीकडे बघून म्हणाली. "आले गं. थांब जरा. आधी हिला बसवते."

रोमेडनं डोकं बाकाच्या मोकळ्या बाजूला कलतं केलं, ऐकत असल्यासारखं. "टिली विचारतेय, कोण आहे म्हणून."

"मला माहीत नाही," मेना म्हणाली. "पण दिवसभर चालली आहे, आणि कुणाच्याच टेबलावर तिच्यासाठी दूध नसणार. नाहीतर माझ्याबरोबर कशाला आली असती?"

रोमेड उठला. दुपारपासून पहिल्यांदा. गुडघे धरून, वेदनेनं तोंड वाकडं करत. त्यानं फळीवरून दुसरा वाडगा काढला, दूध ओतलं, आणि बाकावरची त्याची स्वतःची जागा, टिलीच्या लगतची, हाताच्या तळव्यानं झटकून साफ केली.